रेणुकेची दोन पदं

शीनप्प शेट्टींना गेल्या तीस वर्षांत कुणी हरवलं नव्हतं, स्वयंपाकघर सोडलं तर.

आषाढ लागला, यक्षगानाच्या मंडळ्या पावसामुळे पेटाऱ्यात मुकुट भरून घरी गेल्या, की नीरमाडीच्या वनदुर्गेच्या देवळात दर रविवारी ताळमद्दळे बसायचं. रंग नाही, नाच नाही. सतरंजीवर स्वच्छ धोतर नेसून माणसं समोरासमोर बसतात. भागवत, म्हणजे गायक, झांजा वाजवून एक पद गातात, आणि ज्या पात्राचं ते पद, तो अर्थधारी त्या पात्राच्या तोंडून त्याचा अर्थ सांगतो, दम असेल तितका वेळ. पदाबाहेर जायचं नाही. पदात रावण मेला तर त्यानं मरायलाच हवं. पण मरण्याआधी त्यानं रामाची उलटतपासणी घेतली तर कुणाची ना नाही. कायदा एकच. सभेत बोललं ते घडलं, आणि जे बोललं नाही ते घडलंच नाही. कित्येक भीष्म आणि कृष्ण ह्या कायद्यावर आपटून तोंडघशी पडले होते. शीनप्पण्णा कधी पडले नाहीत.

ते का पडले नाहीत, हे फक्त वारिजाला माहीत होतं.

वारिजा म्हणजे त्यांची बायको. वय चौपन्न, बारावी पास, गावच्या वाचनालयातली सगळी पुराणं दोनदा वाचलेली. घर तिचं होतं, तिच्या आईचं, त्याआधी तिच्या आईच्या आईचं. शेट्ट्यांत घर बायकांच्या बाजूनं चालतं आणि जावई त्यात पाहुण्यासारखा येऊन मालकासारखा बसतो. शीनप्पा संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या बाकावर बसत आणि रविवारच्या भूमिकेची तयारी करत. वारिजा खाली खोवणीवर नारळ खवत समोरची बाजू घेई. ते भीष्म, ती अंबा. ते राम, ती वाली. ते कृष्ण असले की ती सबंध कौरवसभा. नारळ संपेपर्यंत ती त्यांची भंबेरी उडवी, मग दया येऊन उत्तरही तीच सांगे. शीनप्पा म्हणत, "हे बरं आहे," आणि रविवारी ते बरं असलेलं सभेत ठोकून देत. टाळ्या पडत. बायकांच्या बाजूला बसलेल्या वारिजाला वाटे, आपल्या झाडाचा नारळ आहे, फक्त पडला शेजारच्या अंगणात.

पहिली वीस वर्षं तिला त्याचं कौतुक वाटलं. नंतर वाटेनासं झालं. नऊ वर्षांपूर्वी तिनं पहिल्यांदा विचारलं, "मी बसू का एकदा सतरंजीवर?"

शीनप्पा हसले. दुसऱ्या वर्षी म्हणाले, बायकांचा आवाज मद्दळ्याच्या थापेवर चढत नाही. तिसऱ्या वर्षी, बायकांच्या मंडळ्या शहरात असतात, तिथं लोक बघायला येतात, ऐकायला नाही. पुढं पुढं ते नुसतं "बघू" म्हणू लागले. बायकोला देण्यासारखं ह्याहून स्वस्त उत्तर अजून निघालेलं नाही.

त्या रविवारी रेणुकेची कथा होती. सकाळी अकराच्या सुमारास ताळमद्दळे संघाचा सेक्रेटरी चंद्रहास छत्री झटकत पडवीत आला.

"शीनप्पण्णा, घोटाळा झाला. गुड्डप्पाच्या दोन दाढा काल उपटल्या. गाल असा सुजलाय, की रेणुका सोडा, साधं 'आई गं' म्हणता येत नाही त्याला."

गुड्डप्पा संघाचे स्त्रीपात्र. साठीचे, मिशीचे, पण स्त्रीपात्र.

"मग रेणुका कोण?" शीनप्पांनी विचारलं.

"कुणीही चालेल हो. दोन पदं तर आहेत बाईला. पहिल्यात चुकते, दुसऱ्यात उठते. मधे तर मेलेलीच असते."

"मी बसते," आतून वारिजा म्हणाली.

चंद्रहासनं शीनप्पांकडे पाहिलं. शीनप्पांनी छताकडे पाहिलं. छताला सुचवण्यासारखं काही नव्हतं. तीन वाजता सभा होती आणि पावसात दुसरं कोण मिळणार?

चंद्रहास गेल्यावर शीनप्पांनी अटी घातल्या. "हे बघ वारिजे. पहिल्या पदाला तीन मिनिटं. मग मागे सरून गप्प बसायचं. शेवटच्या पदाला दोन वाक्यं. 'झोप छान लागली, कुणी उठवलं मला?' आणि नमस्कार करून पाणी आणायला जायचं. गुड्डप्पा तेवढंच करतो."

"आणि?"

"आणि कुणाला शब्दात पकडायचं नाही. सभा आहे ती, स्वयंपाकघर नाही. नीट झालं, तर पुढच्या रविवारी सीता तुला."

पुढच्या रविवारी सोन्याच्या हरणाची कथा होती. हरणामागे गेलेल्या रामाची हाक येते आणि सीता लक्ष्मणाला त्याच्यामागे धाडते, तो सबंध वाद. पाऊण तास समोरासमोर. सीतेला तिथं खरोखर बोलायला असतं. नऊ वर्षं ती ह्याच पाऊण तासासाठी 'बघू' ऐकत आली होती.

"नक्की?"

"शब्द दिला."

"मग नाही पकडणार कुणाला," वारिजा म्हणाली, आणि त्या क्षणी ते तिनं अगदी मनापासून म्हटलं होतं.

तीन वाजता मंडप भरला होता. बायकांची बाजू तर नेहमीच्या दुप्पट, कारण बातमी चंद्रहासच्या आधी गावात फिरली होती. मजा आणखी एक होती. शीनप्पा परशुराम होते आणि वारिजा त्याची आई, म्हणजे शीनप्पण्णांना आज चारशे माणसांसमोर बायकोला 'अम्मा' म्हणावं लागणार होतं. मागच्या रांगेतला एक जण ओरडला, "शीनप्पण्णा, घरी गेल्यावर पण सवय ठेवा!" जमदग्नी झालेले सुब्राय भट, निवृत्त पोस्टमास्तर, रागीट ऋषींच्या भूमिका करून करून खरोखर रागीट झालेले, त्यांनी त्या दिशेनं असं पाहिलं की तिकडचे चारपाच जण गप्प झाले.

पद्मनाभ भागवतांनी झांज वाजवली. सत्तरीचे भागवत, गळा अजून खणखणीत. पहिलं पद रेणुकेचं. रोज पहाटे ती नदीवर जाते, ओल्या वाळूचं मडकं वळते, त्यात पाणी भरून आणते. तिच्या पातिव्रत्यामुळे ते फुटत नाही. आज नदीत गंधर्व आपल्या बायकांसोबत पोहताना दिसला, मन क्षणभर हललं, मडकं विरघळलं.

वारिजानं पदर सारखा केला. ही सतरंजी खालून बघताना केवढीशी वाटायची.

"आमच्या शेजारच्या आश्रमात," तिनं सुरुवात केली, "ऋषिपत्नी तांब्याच्या कळशीत पाणी आणते. तिचे पती विचारतात, पाणी आणलंस का? माझे पती विचारतात, कशात आणलंस? मी रोज वाळूचं मडकं आणते आणि ते आधी मडकं तपासतात, मग पाणी पितात. इतकी वर्षं पाण्याला चव कशी आहे ते त्यांनी एकदा सांगितलं नाही."

बायकांच्या बाजूनं हसू फुटलं. शीनप्पा खोकले. खोकल्याचा अर्थ वारिजाला कळला. तिनं उरलेलं पद शहाण्यासारखं आटोपलं. गंधर्व दिसला, मन हललं, मडकं गेलं, मी रिकाम्या हातानं परत आले. तीन मिनिटं. भागवतांनी मान डोलावली.

मग सुब्राय भटांचा जमदग्नी पेटला. त्यानं एकेका मुलाला आईचा वध करायला सांगितलं. चौघांनी नकार दिला, तर चौघांनाही 'जडबुद्धी व्हा' असा शाप. नकार देणारे मठ्ठ ठरले आणि हुशार मुलगा पाचवा निघाला, हे वारिजानं पुराणात वाचलं तेव्हाच तिला खटकलं होतं. पाचव्यानं परशु उचलला. रेणुका मेली. मेलेल्या पात्रानं सतरंजीवरच थोडं मागे सरून गप्प राहायचं असतं. वारिजा मागे सरली.

आणि आता खरी सभा सुरू झाली, कारण ह्या कथेत लोक ऐकायला येतात ते हेच. आई मारल्यावर बाप आणि मुलगा तिच्या मुडद्यावरून धर्माची चर्चा करतात. चाळीस मिनिटं. वारिजाच्या पायाला मुंग्या आल्या. मेलेल्या बाईला मांडी बदलायची सोय नव्हती.

शीनप्पा रंगात आले. "पिताजी, आज्ञा तुमची. मान तिची, जी तिनं स्वतः पुढं केली. परशु शंकराचा. ह्या सगळ्यात माझं काय? माझं फक्त ऐकणं. आणि ऐकण्याला पाप लागलं, तर जगातला कुठला मुलगा उद्या बापाचं ऐकेल?"

टाळ्यांनी पत्रा दणाणला. वारिजा थिजून ऐकत होती. वाक्य तिचंच होतं. चार वर्षांपूर्वी, फणसाची भाजी करताना, गंमत म्हणून तिनं ते रचलं होतं; खुनी माणूस आपले हात किती सफाईनं धुऊ शकतो ते दाखवायला. शीनप्पांनी ते गंमत म्हणून घेतलं नव्हतं. आज तिच्याच वाक्यानं तिचा खून माफ होत होता, आणि ती मेलेली असल्यामुळे तिला तक्रार करायचीही मुभा नव्हती. तिला राग आला. पण सीता तिनं घट्ट धरून ठेवली. पाऊण तास, ती मनाशी म्हणाली. पाऊण तास मिळणार आहे, आता गप्प बस.

मग वरांचं पद आलं. प्रसन्न बाप म्हणतो, वर माग. मुलगा वर मागतो. पदात तेवढंच आहे. कुठले वर ते अर्थधाऱ्यानं सांगायचं. पाच असतात. आई जिवंत व्हावी. आपल्याला मारलं होतं हे तिला आठवू नये. मला पाप लागू नये. भावांची बुद्धी परत यावी. मी युद्धात अजिंक्य व्हावं. शीनप्पा घरी नेहमी शेवटापासून सुरू करत, कारण अजिंक्य होण्यात त्यांना गोडी फार. आणि घरी दरवेळी ते एक विसरत. खालून, खोवणीवरून, वारिजा म्हणे, "आणि तिला आठवू नये." ते म्हणत, "हो, ते आलंच." तीस वर्षं असं चाललं होतं. दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

आजही ते शेवटापासून सुरू झाले. अजिंक्य होण्यावर दहा मिनिटं गेली. एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करण्याचा सगळा बेत त्यांनी बापाला आत्ताच ऐकवला. टाळ्या. भावांची बुद्धी, एक मिनिट. आपलं पाप, तीन मिनिटं.

"आणि पिताजी, माझी आई जिवंत होवो."

इथं ते थांबले. जरासे डावीकडे झुकले, जशी बाकावरून खाली बघताना त्यांना झुकायची सवय होती. कशाची तरी वाट पाहिली. खालून काहीच आलं नाही. कशाची वाट पाहतोय हे त्यांना स्वतःलाच कळलं नसावं, कारण दुसऱ्या क्षणी त्यांनी समाधानानं मिशीवर हात फिरवला.

"तथास्तु," सुब्राय भट म्हणाले.

वारिजानं मनात मोजले, चारच वर झाले होते. मंडपात कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. पाऊस जरा ओसरला होता, पुरुष चपला शोधत होते, मागं जेवणाची पानं मांडायचा आवाज येत होता. फक्त पद्मनाभ भागवत तिच्याकडे बघत होते. त्यांनी पन्नास वर्षं ही कथा गायली होती. त्यांच्या झांजा गुडघ्यावर होत्या आणि भुवया कपाळावर.

भागवतांनी शेवटचं पद गायलं. रेणुका जागी झाली, दोघांकडे पाहिलं, आणि पाणी आणायला नदीकडे निघाली. पद संपलं. आता दोन वाक्यं, मग समारोपाचं मंगल, मग जेवणात पायसम.

सीता, वारिजानं मनात म्हटलं. तिच्या डोळ्यांसमोर तो पाऊण तास होता, लखलखीत. दोन वाक्यं बोलायची की मिळाला.

"झोप छान लागली," ती म्हणाली. शीनप्पांचे खांदे सैल झाले. "असं मी म्हणाले असते, मला आठवत नसतं तर."

चपला शोधणारे थांबले.

"बाळा, तू चार वर मागितलेस. मी मोजत होते. मेलेल्या माणसाला दुसरं काम नसतं. अजिंक्य होण्याला तुला दहा मिनिटं लागली. आई जिवंत होण्याला एक वाक्य. आणि तिनं विसरावं, ह्याला तेवढंही नाही. मला सगळं आठवतंय. इथपासून इथपर्यंत." तिनं मानेवरून बोट फिरवलं.

शीनप्पांचा चेहरा उतरला. आपण कुठला वर गाळला ते त्यांना आत्ता कळलं. सुब्राय भट मदतीला धावले. "रेणुके, तू जिवंत होतानाच विस्मरण आलं. ते त्यात आलंच."

"स्वामी, मी पहाटे नदीवर एक शब्द बोलले नाही. गंधर्वाला हाक मारली नाही, हात केला नाही. मनात काहीतरी हललं. तुम्ही म्हणालात, न बोललेलंही घडलं, आणि मान कापायला लावलीत. आत्ता तुमचा मुलगाही एक शब्द बोलला नाही. तुम्ही म्हणताय, न बोललेलंही मिळालं, आणि वर देताय. बायकोच्या मनातलं तो गुन्हा आणि मुलाच्या मनातला तो वर. आश्रमाचा हा नियम लिहून ठेवलाय का कुठं? की मडकं बघून ठरवता?"

बायकांच्या बाजूला आधी एक टाळी पडली, मग सगळ्याच बाजूंनी. पोस्टात चाळीस वर्षं काढून सुब्राय भटांना एक गोष्ट पक्की कळत होती, की जी चिठ्ठी टाकलीच नाही ती पोचत नसते.

शीनप्पांनी गुडघ्यावर तीनदा बोट आपटलं. थांब, ह्याची खूण. वारिजानं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. सीता गेली, हे तिला कळून चुकलं होतं. जाऊ दे मग.

"अम्मा," शीनप्पा म्हणाले, आणि एवढ्या तंग वेळीही मागं कुणीतरी फिदकन हसलं. "अम्मा, आठवलं तरी त्याचं तुला दुःख नसेल. पुत्राचं कर्तव्य म्हणून तू..."

"त्याचा वर मागितलास का?"

आता पुरुषही हसले. शीनप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण ते लेचेपेचे नव्हते. "अम्मा, ही सगळी भूमी मी पुढं समुद्राकडून मागून घेणार आहे. लोक तिला परशुरामाची भूमी म्हणतील. एवढं मोठं कार्य ज्या हातून व्हायचंय, त्या हाताला तू आज बोल लावतेस?"

"घे की मागून. चांगली भूमी आहे, नारळ बरा होतो. पण तिथली माणसं घर कुणाच्या नावानं चालवणार आहेत, ठाऊक आहे? आईच्या. परशुरामाच्या भूमीत, बाळा, आणि घर आईच्या नावानं. का, ते सांगू? तू मारलेली आई कुणी विसरणार नाही म्हणून."

मंडपातले सगळे शेट्टी एकदम उसळले. कुणी शिट्टी मारली. चंद्रहास खांबाला टेकून दोन्ही हात हलवत होता, आवरा, आवरा. पण अर्थधाऱ्याचं पद चालू असताना त्याला कुणी थांबवू शकत नाही, सेक्रेटरी तर नाहीच. भागवत झांजा उचलतील तरच. भागवतांनी त्या अजून उचलल्या नव्हत्या.

हसू विरलं. वारिजाला आता हसवायचं नव्हतं. तिनं शीनप्पांकडे नीट पाहिलं. चौतीस वर्षांचा ओळखीचा चेहरा, कपाळावर घाम.

"एवढंच सांग. तू परशु उचललास तेव्हा मी डोळे मिटले नव्हते. मी तुझ्याकडे बघत होते. मला वाटलं, हा एकदा तरी माझ्याकडे बघेल. तू कुठं बघत होतास?"

शीनप्पा डावीकडे झुकले. खाली पाहिलं. उत्तर तिथूनच यायचं, तीस वर्षं तिथूनच आलं होतं. आज खाली सतरंजी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ते भर सभेत तिच्याकडे उत्तर मागतायत हे तिला दिसलं. तिला वाईट वाटलं. तरी तिनं दिलं नाही.

शीनप्पांनी तळहातानं कपाळावरचा घाम पुसला.

"वडिलांकडे," शीनप्पा शेवटी म्हणाले. "अम्मा, मी वडिलांकडे बघत होतो. ते बघतायत की नाही, ते."

ह्याला टाळी पडली नाही. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं चष्मा काढून पुसला. वारिजा त्यांच्याकडे बघतच राहिली. हे वाक्य तिचं नव्हतं. नारळ खवताना कधीच निघालं नव्हतं. शीनप्प शेट्टींनी सभेत बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं जे त्यांचं स्वतःचं होतं, आणि चांगलं होतं.

"खरं बोललास," ती म्हणाली. "पदात लिहिलंय, मी पाणी आणायला जाते. जाते. तांब्याची कळशी नेते, शेजारणीसारखी. यायला उशीर होईल. नदीवर कोण कोण आलंय ते सावकाश बघून येईन."

पद्मनाभ भागवतांनी झांजा इतक्या जोरात वाजवल्या, की मद्दळेवाला दचकला. मंगल झालं.

जेवणाच्या पंगतीत बायका वारिजाभोवती अशा बसल्या की वाढप्यांना आत शिरता येईना. पुरुषांच्या पंगतीत चंद्रहास मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "पुढच्या रविवारी सीता गुड्डप्पाच करेल. सूज तोवर उतरेल." शीनप्पा खाली मान घालून पायसम पीत होते. सुब्राय भटांनी दुसरा भात घेतला नाही, हे सगळ्यांनी पाहिलं.

दोघं रिक्षानं घरी निघाले. रिक्षाचा पडदा फाटका होता, पाणी शीनप्पांच्या बाजूनं आत येत होतं, आणि ते सरकले नाहीत. भाताच्या खाचरांवरून रस्ता घराकडे वळला तेव्हा ते म्हणाले, "ते डोळ्यांचं. घरी तू कधी बोलली नव्हतीस."

"नाही."

"किती वेळा केला असेल मी परशुराम. एकदाही नाही बोललीस."

"घरी बोलले असते तर सभेत तुम्ही बोलला असता."

शीनप्पांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते अंधुक उजेडात दिसलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी घसा साफ केला. आवाज नेहमीचा काढायचा त्यांचा प्रयत्न होता, रविवार संपून सोमवार लागल्यासारखा.

"पुढच्या रविवारी माझा लक्ष्मण आहे."

"माहीत आहे."

"सीता काय काय विचारेल गं त्याला?"

वारिजा पलीकडे पावसाकडे बघत होती. "ते गुड्डप्पांना विचारा," ती म्हणाली. "आजपासून स्वयंपाकघरात मी नुसता नारळ खवणार."

रिक्षा फाटकाशी थांबली. शीनप्पांना पश्चात्ताप झाला असं कुणी समजू नये. लक्ष्मण सात दिवसांवर आला होता आणि समोर सुजलेल्या गालाचे गुड्डप्पा दिसत होते. ते उतरले नाहीत. भिजलेल्या खिशातून त्यांनी फोन काढला, धोतराला पुसला आणि चंद्रहासचा नंबर लावला.

वारिजाही उतरली नाही. पुढचं वाक्य तिला ऐकायचं होतं.